निरोपाचे काही प्रयोग

नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' असं छापून आलं की ते नाटक अजून दोन-तीन वर्षं तरी हलत नाही, हे ज्या पुण्यात शेंबडं पोरही सांगेल त्या पुण्यात मी वाढलो. असं असूनही ऑगस्ट 2004 मध्ये एका अमेरिकन बँडचा 'अगदी शेवटचा' कार्यक्रम गाठण्यासाठी मी हमरस्त्याच्या कडेला गाडी सोडून, डोक्यावर स्लीपिंग बॅग घेऊन, कॅनडाच्या दिशेने चिखल तुडवत निघालो होतो. बरोबर बायको होती. मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढंच तिला लग्नाआधी सांगण्यात आलं होतं.

बँडचं नाव फिश. 1983 मध्ये वर्मॉंट विद्यापीठातल्या पोरांनी बर्लिंग्टनमध्ये सुरू केलेला. गिटारवर आणि गायला ट्रे अनास्तासिओ, बासवर माइक गॉर्डन, पियानो आणि इतर सगळ्या पेट्यांवर पेज मॅकॉनेल, ड्रमवर जॉन फिशमन. हा शेवटचा गृहस्थ गोल गोल नक्षीचा बायकी झगा घालून वाजवतो आणि लहर लागली की व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाला लावून त्यातूनही सूर काढतो. रेडिओवर यांचं गाणं सहसा लागत नाही, पण यांच्या मागोमाग गावोगाव फिरणारी माणसं हजारोंनी. पाच मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटं वाजवायचं, आज वाजवलेलं उद्या तसंच वाजवायचं नाही, ही यांची रीत. असल्या बँडना तिकडे जॅम बँड म्हणतात आणि त्या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियाचे ग्रेटफुल डेड.

ही सगळी विद्या मला ऑफिसात शेजारच्या खुराड्यात बसणाऱ्या एका दाढीवाल्याकडून मिळाली. त्याचं खरं नाव सांगत नाही, आम्ही आपसात त्याला दाढीच म्हणायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने सांगितलं की 1999 च्या शेवटच्या रात्री फ्लोरिडातल्या बिग सायप्रसला हे लोक मध्यरात्री वाजवायला लागले ते नव्या वर्षाचा सूर्य उगवेपर्यंत वाजवत होते. त्याला वाटलं मी आ वासेन. मी डबा बाजूला ठेवून त्याला सवाई गंधर्व महोत्सव ऐकवला. रमणबागेचं पटांगण, डिसेंबरची थंडी, भारतीय बैठकीवर गोधडी पांघरून बसलेली आजोबा-आजी मंडळी, रात्रभर चालणारं गाणं, आणि सर्वांत शेवटी पहाटेच्या सुमारास भीमसेन जोशी. एका रागात तासभर हिंडणं म्हणजे आमच्याकडे नुसती सुरुवात, असंही सांगून टाकलं. दाढी स्तब्ध झाला. मग त्याने उठून माझा हात हातात घेतला, आणि जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा तो त्या दिवसापासून माझ्याशी वागायला लागला. रोज एक कॅसेट. श्रोत्यांनी स्वतः ध्वनिमुद्रण करायला या बँडची परवानगी असते, त्यामुळे त्याच्याकडे ट्रंकाच्या ट्रंका होत्या.

बायकोचा या बँडशी संबंध एवढाच की वर्मॉंटच्या एका आइस्क्रीम कंपनीने यांच्या नावाने 'फिश फूड' नावाचं आइस्क्रीम काढलेलं होतं. चॉकलेटमध्ये माशाच्या आकाराचे फजचे तुकडे. ती सदाशिव पेठेतली. डबा उघडून आतला मासा बघून तिने झाकण लावलं ते कायमचं. "चॉकलेटचे असले म्हणून काय झालं," ती म्हणाली, "आकार बघितला का?"

तर त्या वर्षी मे महिन्यात ट्रेने जाहीर केलं की उन्हाळ्यानंतर बँड बंद. शेवटचा कार्यक्रम वर्मॉंटमध्येच, कोव्हेंट्री नावाच्या जेमतेम हजार वस्तीच्या खेड्यात, एका छोट्या विमानतळाच्या आवारात. 14 आणि 15 ऑगस्ट, तंबू ठोकून राहायचं. दाढीने कँटीनमध्ये डोळे पुसत मला हे सांगितलं आणि म्हणाला, "तुला आलंच पाहिजे. भीमसेन पुन्हा गाणार नाहीत असं कळलं तर तू काय करशील?" आता याला काय उत्तर देणार! भीमसेन अण्णांचं नाव आपणच त्याला सांगितलेलं.

बायको तयार झाली ती 'हिरवाई बघायला मिळेल' म्हणून. तिसरा आमचा मित्र नागपूरकर. त्याला संगीतात काडीचा रस नव्हता, पण लाँग वीकेंड नसताना कुणी कुठे जातंय याचाच त्याला उत्साह. तंबूची व्यवस्था त्याने आपणहून अंगावर घेतली. त्या काळी अमेरिकेतल्या देशी मंडळींत एक शास्त्र होतं: दुकानातून तंबू घ्यायचा, वापरायचा आणि मुदत संपायच्या आत 'आवडला नाही' म्हणून परत द्यायचा. नागपूरकर या शास्त्रातला महामहोपाध्याय. तंबू गाडीत टाकताना त्याने पहिली सूचना केली, "टॅग तेवढा तोडू नको बे." टॅगवर त्याने प्लॅस्टिकची पिशवी बांधून रबरबँड लावला. पुढच्या सगळ्या प्रकारात आमच्यातलं कोरडं राहिलेलं हे एकमेव.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बॉस्टनजवळून निघालो. सेंट जॉन्सबरीपर्यंत रस्ता मोकळा, मग आय-91 ला लागून उत्तरेकडे वळलो आणि रात्री कधीतरी गाडी थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. पुढे जाईल तिथवर लाल दिवे. आठवडाभर त्या भागात पाऊस कोसळत होता आणि जिथे गाड्या लावायच्या त्या शेतांची दलदल झाली होती. ही गोष्ट आम्हाला नंतर कळली. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की तासाभरात आपण एका फर्लांगाइतके सरकतो. लोकांनी मात्र महोत्सव तिथेच सुरू केला होता. गाडीच्या टपावर बसून कुणी गिटार वाजवतंय, कुणी मधल्या हिरवळीवर शेगडी मांडलीय, एक जण अंधारात फ्रिस्बी फेकतोय आणि ती कुणाला सापडत नाहीय. बायकोने दशम्या आणि लसणाची चटणी काढली. चटणीच्या वासाने शेजारच्या व्हॅनमधला एक जण खाली उतरून आला. त्याने काही विचारायच्या आत तिने त्याच्या हातावर दशमी ठेवली. कोकणस्थ घरातली मुलगी आहे, पण रस्त्यावर रात्र काढायची वेळ आली की हात सैल सुटतो.

शनिवारी सकाळी रेडिओवर घोषणा झाली. खुद्द माइक गॉर्डनच्या आवाजात. आत जागा उरलेली नाही, आणखी गाड्या घेता येणार नाहीत, जे रस्त्यात आहेत त्यांनी कृपया परत फिरावं. घोषणा करणाऱ्याचा आवाज फार खिन्न होता. सगळीकडे सुतकी शांतता पसरली. मग पुढच्या गाडीचा दरवाजा उघडला. एक लांब केसांचा पोरगा उतरला, त्याने गाडी कडेच्या गवतात घातली, डिकीतून पाठपिशवी काढली, बुटांना चंदेरी चिकटपट्टीचे वेढे मारले आणि चालू लागला. मग त्याच्या मागची गाडी. मग पलीकडची. अर्ध्या तासात अख्ख्या हमरस्त्याची पायवाट झाली.

आता आमची बैठक बसली. विषय: एच-वन व्हिसावर असलेल्या माणसाने आंतरराज्य महामार्गावर गाडी बेवारस सोडावी का? गोरा पोरगा सोडून गेला तर त्याला फार तर दंड होईल. आम्हाला त्यात ग्रीन कार्डाचा अर्ज दिसत होता. मी परत फिरायच्या बाजूने बोललो. नागपूरकर म्हणाला, "गाडी उचलून नेली त नेऊ दे ना भाऊ, व्हिसा थोडीच उचलून नेते!" असं म्हणून त्याने खिशातून आय-797 ची, म्हणजे व्हिसाच्या मंजुरीपत्राची, झेरॉक्स काढून दाखवली, हा माणूस भाजी आणायला जातानाही ती जवळ बाळगतो. मतं एक-एक झाली. निर्णायक मत बायकोचं. तिने गाडीतून चकल्यांचं पुडकं काढून पिशवीत कोंबलं आणि विचारलं, "चालायचं किती?"

मी वहीच्या कागदावर 'आम्ही सोमवारी येऊ, तसदीबद्दल क्षमस्व' असं इंग्रजीत लिहून काचेला लावलं. खाली 'आपला विश्वासू'ही लिहिलं. सही करायची की नाही यावर परत थोडी चर्चा झाली.

किती चाललो ते कुणालाच नक्की माहीत नाही. नागपूरकर आजही विचाराल तर दर वर्षी दोन मैल वाढवतो. महामार्ग सोडून गावरस्त्याला लागल्यावर खरी मजा. तिथली माणसं फार सज्जन. कुणी अंगणात पाण्याचा पाइप सोडून ठेवलेला, कुणी ट्रकच्या हौद्यात बसवून थोडं पुढे सोडत होतं, तर कुणी त्याच हौद्याचे डॉलर घेत होतं. एका शेतकऱ्याची गोठ्याशी उभी असलेली म्हातारी आम्हा तिघांकडे बराच वेळ बघत राहिली. हे तिघेही त्या दाढीवाल्या ताफ्यातलेच आहेत की यांना कुणी पळवून आणलंय, असा तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. बायकोने तिला हात जोडून नमस्कार केला, त्यामुळे प्रश्न जास्तच गंभीर झाला.

मुक्कामी पोचलो तोवर संध्याकाळ. आणि तो चिखल! पावसाळ्यात मुळशीकडे भातखाचरात उतरलेला माणूस मी, पण असला चिखल बघितला नव्हता. पाय टाकला की घोटा धरायचा, ओढला की बूट ठेवून घ्यायचा. पाऊल रिकामं वर यायचं आणि मागे भोकात बुडबुडा. नागपूरकर ऑफिसचे काळे बूट घालून आलेला. एक बूट त्याने पहिल्याच खाचरात वर्मॉंट राज्याला अर्पण केला आणि उरलेल्या दोन दिवसांत एका पायात बूट, एका पायात ब्रेडची पिशवी अशा थाटात वावरला. त्या गर्दीत कुणाला ते वावगं वाटलं नाही. उलट एकाने त्याला थांबवून पिशवीची कल्पना आवडल्याचं सांगितलं.

सुमारे 65,000 माणसं होती. त्यांत दाढीला शोधायचं होतं. 'निळा तंबू, वर झेंडा' ही त्याने दिलेली खूण. तिथे निळ्या तंबूंचं शहर होतं आणि प्रत्येकावर झेंडा. मोबाइलला रेंज नाही. शेवटी आम्हीच जागा मिळेल तिथे आमचा 'चार माणसांचा' तंबू उभा केला. चार माणसांचा म्हणजे चारही माणसं एकाच कुशीवर झोपली आणि कुणी शिंकलं नाही तर. आम्ही तिघांनी आत शिरल्यावर टॅगला बाहेर काढावं लागलं.

रात्री भूक लागली म्हणून बाजारात गेलो. डेडच्या काळापासून अशा ठिकाणी चाहत्यांचा आपसांतला बाजार भरतो, त्याला शेकडाउन स्ट्रीट म्हणतात. गॅसच्या शेगडीवर चीजची सँडविचं भाजून विकायची, टी-शर्ट रंगवून विकायचे, त्यातून पुढच्या गावच्या तिकिटाचे आणि पेट्रोलचे पैसे काढायचे. एकीकडे फूस्स्स असा आवाज येत होता आणि चाळिशीचे बाप्ये रांगेत उभे राहून फुगे घेत होते. "कुणाच्या तरी बाळाचा वाढदिवस दिसतोय," बायको कौतुकाने म्हणाली. मग त्यांतल्या एकाने फुगा तोंडाला लावून आत ओढला आणि तो जागच्या जागी चिखलात बसला. त्या फुग्यांत नायट्रस ऑक्साइड असतो, दंतवैद्याकडे मिळतो तो. मी हे तिला समजावून सांगितल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की तुला हे कसं माहीत, हा प्रश्न पुढे बरेच दिवस घरात राहिला.

आणि मग चकल्या. बायको एका गाड्याशी सँडविचच्या पैशांवरून घासाघीस करत होती. सवय. विकणाऱ्या पोरीला तिच्या पिशवीतलं पुडकं दिसलं. तिने एक चकली उचलून दिव्यासमोर धरली, वेटोळ्यातून बोट फिरवलं आणि तिच्या डोळ्यांत जे काही उमटलं ते मी एरवी फक्त गाभाऱ्यात बघितलंय. "ही कुणी बनवली?" तिने विचारलं. सासूबाईंनी, भाजणीची, कुरिअरने आलेल्या. एका चकलीला एक सँडविच असा भाव ठरला. तासाभरात आमच्याभोवती घोळका. कुणी मेणबत्त्या देतंय, कुणी मण्यांची माळ. रंगीत टी-शर्टला पाच चकल्या मागितल्यावर त्या माणसाने तीनवर तोडगा मागितला तेव्हा बायको "परवडत नाही हो" असं चक्क मराठीत म्हणाली, आणि त्याने पाच काढून दिल्या... म्हणजे पाचाचा सौदा मान्य केला. फुगे ओढलेल्या माणसाशी हिशेब केला की वाक्यंही अशीच गोंधळतात.

गाण्याबद्दल काय सांगू? मी पोचलो ते मधल्या एका गाण्यात, आणि ते संपायच्या आत मी दोनदा पेंगलो. पण मधेच एक क्षण यायचा. चौघेही कुठेतरी चुकल्यासारखे भटकत असायचे, श्रोते चुळबुळत असायचे, आणि अचानक पियानो आणि गिटार एकाच वळणावर समोरासमोर यायचे. मग वर दिव्यांचे झोत फिरायचे आणि गर्दीतून हजारो चमकत्या हिरव्या-गुलाबी कांड्या आभाळात भिरकावल्या जायच्या. सुंदर दृश्य. त्यांतली एक माझ्या चष्म्यावर बसेपर्यंत. जाणत्यांना मात्र वादन पडेल वाटत होतं. शेजारी एक जण वहीत गाण्याचं नाव आणि मिनिटं टिपत होता आणि प्रत्येक गाण्यानंतर मान हलवत सुस्कारे टाकत होता. मला तो अनोळखी वाटला नाही. रमणबागेत असे पुढच्या रांगेत बसायचे. 'पंचम उतरला' म्हणायचे पण उठून जायचे नाहीत.

रविवारी रडारड. पेज मॅकॉनेलला गाता गाता हुंदका आवरेना, सूरच फुटेना, आणि माझ्या पुढचे दोन पैलवान एकमेकांच्या गळ्यात पडले. अगदी शेवटचं गाणं तर थोडं वाजवून ट्रेने थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एकवीस वर्षांचा निरोप, आणि तोही दोनदा सुरू करावा लागला. नागपूरकर कानाशी लागला, "हे तालीम करून नाही आले का बे?" पण आवाज त्याचाही कापरा होता. नंतर त्याने सर्दीवर ढकललं. बायको मण्यांच्या तीन माळा घालून, पाच चकल्यांचा टी-शर्ट घालून, हमसाहमशी रडत होती. या बँडचं एक गाणं तिला आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

सोमवारी शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आतल्या गाड्या ओढून काढत होते. आमची बाहेर होती, त्यामुळे आम्ही परत चालत. कागद काचेवर तसाच होता, फक्त पावसाने 'विश्वासू' पुसलेला. दाढी आठवड्याने ऑफिसात भेटला. तो आमच्यापासून पाच-सहा तंबू सोडून होता.

तंबू परत द्यायला नागपूरकर गेला, मी लाजेखातर गाडीत बसून राहिलो. त्याने काउंटरवर जे ठेवलं ते तंबू आहे हे टॅगवरूनच ओळखता येत होतं. 'न आवडण्याचं कारण' या रकान्यात त्याने 'लहान पडतो' असं लिहिलं. पैसे मिळाले.

मार्च 2009 मध्ये फिश परत आले. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला तीन रात्री. दाढीने मला रात्री अकरा वाजता फोन केला, आनंदाने त्याला बोलवत नव्हतं. मी पोटदुखीचं निमित्त सांगितलं. त्यानंतर 2020 चा करोनाचा उन्हाळा सोडला तर हे लोक दर उन्हाळ्यात वाजवतच आहेत. 2018 मध्ये न्यूयॉर्क राज्यात असाच एक तंबूंचा महोत्सव पुराने पाणी दूषित झालं म्हणून सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रद्द झाला, तेव्हा लोक तंबू ठोकून बसलेले होते. मला ते वाचून जे समाधान झालं ते घरात कुणाला दाखवता आलं नाही, कारण एव्हाना घरात पक्षांतर झालं होतं. बायको आता गाण्याची पहिली चार सेकंदं ऐकून वर्ष सांगते. कोव्हेंट्रीला होतो म्हटलं की या मंडळींत तुम्हाला वेगळा मान मिळतो, युद्धावरून आलेल्यासारखा. ती तो मनमुराद घेते.

ऑगस्ट 2024 मध्ये डेलावेअरमध्ये डोव्हरला त्यांनी चार दिवसांचा मोठा महोत्सव केला. बायको कॉलेजात जाणाऱ्या लेकीला घेऊन गेली. मी गुडघ्यांचं कारण सांगून घरी. दुसऱ्या दिवशी फोन आला, मागे कुणीतरी पंधरा मिनिटं एकच स्वर वाजवत होतं.

"चकल्या संपल्या," ती ओरडून सांगत होती. "दोन टी-शर्ट मिळाले, आणि एक घडीची खुर्ची."

"खुर्ची कशाला?"

"पाठीला आधार आहे तिला. पुढच्या वेळी तुझं गुडघ्याचं चालणार नाही."